डावा

१

प्रियदर्शनी मगदूम मुळात रागीट नव्हती, असं तिच्या घरचे सांगत. घरचे सांगणारच. कॉलेजात एका सरांनी हजेरी घेताना तिच्या लांबलचक नावाला हसून घेतलं, तर पठ्ठीनं दोन वर्षं त्यांच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं, हे घरच्यांना कुठून माहीत असणार? राग तिच्यात भरपूर होता. तो ओरडत नसे, एवढंच. आतल्या आत मुरत पडे.

तिच्या धाकट्या भावाचं, त्याचं नाव अतिशय, सांगलीत मारुती रोडच्या मागच्या बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. जागा मूळची वडिलांच्या हळदीच्या गोदामाची. भिंतीला दोनदा चुना दिला, तरी फटींतून पिवळी पूड गळायची आणि पावसाळ्यात खोलीला हळदीचा वास यायचा. कल्लाप्पाअण्णांना पोराचा हा उद्योग पसंत नव्हता, पण चार मशिनं आली, बोळ पोरांनी भरला, आणि अण्णांनी विषय सोडून दिला.

सत्त्याण्णवच्या जून महिन्यात एका दुपारी अतिशय तीन नंबरच्या मशीनपुढे पडलेला सापडला. शटर अर्धं उघडं होतं, आत दुसरं कुणी नव्हतं, उजव्या कानामागे एक गोल निळा डाग होता. मिरजेच्या हॉस्पिटलात तो तीन दिवस होता. डोळे मिटलेले. डाव्या हाताची मूठ मात्र चादरीवर सारखी हलायची, काहीतरी धरून डावीकडे ओढल्यासारखी. आणि तिसऱ्या दिवशी तो बोलला. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, जीव एकवटून.

"डावा," तो म्हणाला. "डावा. डावा."

त्याच संध्याकाळी तो गेला. पोलिसांनी लिहिलं, चक्कर येऊन पडला, मशीनचा कोपरा लागला. अण्णांनी मान हलवली. आईला मान हलवायचंही भान नव्हतं. प्रियदर्शनीनं मात्र तो शब्द नीट घडी घालून ठेवून दिला, कारण डावा कोण हे तिला ठाऊक होतं. जत तालुक्यातून तालमीसाठी सांगलीत आलेला, गुडघा गेल्यावर कुस्ती सोडून टेम्पो चालवणारा अर्जुना. डावरा. तालमीत त्याला सगळे डावा म्हणूनच हाक मारत. अतिशयचा जिगरी दोस्त, आणि पडण्याच्या आठ दिवस आधी याच दोस्तानं तीन नंबरच्या काचेवर डाव्या हाताचा ठोसा घातला होता. अतिशयनं त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. जाताना तो "बघून घेतो" असं काहीतरी म्हणाला, हे समोरच्या पानपट्टीवाल्या लीलाबाईंनी ऐकलं होतं.

एवढं पुरे होतं. तिला तरी पुरे होतं.

२

पार्लर पुन्हा उघडायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं त्या पोरांत बसायचं?"

"बसू दे," अण्णा म्हणाले. "घरात भिंतीकडं बघत बसालीय, त्यापेक्षा बरं."

तिनं कारण सांगितलं होतं की दुकान बंद ठेवणं बरं दिसत नाही. खरं कारण हे, की अर्जुना कधी ना कधी त्या दारात येणार होता. तो यायचा तो फक्त तीन नंबरसाठी, आणि तीन नंबरमध्ये फक्त शेवटी येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी. तो आला की त्याच्या शेजारी उभं राहता यायला हवं, त्याच्या तोंडून काय ते काढता यायला हवं, आणि त्यासाठी आपल्याला खेळ यायला हवा, असं तिनं ठरवलं. तीन नंबरवर तिनं 'बंद आहे' अशी पाटी अडकवली. रोज नऊला शटर गुडघ्याइतकं वर करून ती आत शिरायची आणि दहाला दुकान उघडेपर्यंत एकटी खेळायची.

मशीन मुंबईहून जुनंच आलेलं. नाव कुठल्या लिपीत लिहिलं होतं देव जाणे. पोरं त्याला कराट्याचा गेम म्हणत. सात जणांना लोळवलं की आठवा म्हातारा यायचा. पांढरे कपडे, विरळ दाढी, दोन्ही हात पाठीमागे. आधीचे सातजण उड्या मारत, किंचाळत. हा नुसता उभा. अंगावर जावं तर तो तिथे नसायचा. आणि मग तो एकदाच मारायचा, त्यात खेळ खलास.

तो वार अडवायची एकच रीत होती. मशीनची दांडी मागे ओढायची, पण नेमक्या क्षणी. आधीपासून ओढून धरली तर म्हातारा मारतच नसे, तुमच्याकडे बघत उभा राहायचा. उशीर झाला तर संपलंच. म्हणजे हात सैल सोडून, मार अंगावर येऊ देत थांबायचं, आणि तो पोचायच्या बरोबर आधी ओढायचं. सात जणांना पाडायला ती दहा दिवसांत शिकली. हे शिकायला दोन महिने लागले.

आधी तिला वाटलं, वाराच्या आधी खेळाचं संगीत थांबतं, तीच खूण. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की पंख्याचाही आवाज येत नाहीये. तिनं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्याची कायमची ती खडखड मात्र नव्हती. लीलाबाईंचा रेडिओ नव्हता, बोळाच्या तोंडाशी रिक्षा नव्हत्या. एका श्वासाइतका वेळ सगळं पुसून गेलं होतं आणि त्यात म्हातारा उभा होता.

मन एकाग्र झालं की असं होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. बी.कॉम.च्या परीक्षेत असं कधी झालं नव्हतं, तो भाग वेगळा.

३

पहिला मार तिला ऑगस्टच्या सुरुवातीला बसला. त्याआधी शांतता आली की ती घाबरून दांडी ओढूनच धरायची आणि म्हातारा नुसता बघायचा. त्या दिवशी तिनं हात सैल सोडला, थांबली, आणि जास्तच थांबली. पडदा पांढरा झाला आणि उजव्या कानामागे कुणीतरी बोटाचं पेर जोरात मारलं.

ती वळली. मागे कुणी नव्हतं. शटरखालून आलेली उन्हाची पट्टी फरशीवर सरळ पडली होती आणि तिच्यात कुणाची सावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई तिची वेणी घालत होती. घालता घालता हात थांबले. प्रियदर्शनीनं आरशात पाहिलं, तर आई तिच्या कानामागे बघत होती. आईनं काही विचारलं नाही. तिनं एक बट मोकळी काढून तिथल्या निळ्या डागावर नीट बसवली, वेणी पुरी केली आणि चुलीकडे निघून गेली. कानाच्या डॉक्टरांनी मळ साठलाय म्हणून थेंब दिले. प्रियदर्शनीनं सात दिवस थेंब घातले. मळ निघाला, डाग राहिला.

भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्याही आधी तिच्या मनात जे आलं, ते ऐकून तुम्हाला ती आवडायची नाही. तिच्या मनात आलं, हे आपल्या उपयोगाचं आहे.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबून म्हणेल, अगं बाई, मशीनच जर मारत असेल तर तुझ्या भावालाही त्यानंच मारलं नसेल कशावरून? हा विचार तिला सुचला नाही असं समजू नका. एकदा भाकरी थापताना सुचला, एकदा देवळाच्या पायरीवर. दोन्ही वेळा तिनं तो परतवून लावला. अतिशय त्या म्हाताऱ्याकडून कधी हरलाच नव्हता, सगळा बोळ सांगत होता. आणि मरता माणूस उगाच कुणाचं नाव घेत नाही. पण खरं सांगायचं तर कारण याहून साधं होतं. मशीनवर राग धरून करायचं काय? त्याला आई नाही, घर नाही, ते रडत नाही. तिला राग धरायला माणूस हवा होता, आणि माणूस होता.

मग ती मार खात शिकली. पाच-सहा वेळा कान बधिर झाला; एक वार अडवून पुढचा चुकला, तेव्हा तर दुपारपर्यंत, कारण अडवलेल्यानंतरचा वार आधीच्याहून जड यायचा. शेवटी तिला खूण सापडली. त्या शांततेत म्हाताऱ्याच्या छातीवरचं पांढरं कापड किंचित वर यायचं. श्वास घेतल्यासारखं. ते खाली बसायला लागलं की ओढायचं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. तेव्हा अजून एक गोष्ट तिला कळली. त्या शांततेत माणसाचा आवाज तेवढा राहतो. स्वतःचा श्वास तिला ऐकू यायचा. कधीकधी तो तिच्या छातीशी जुळायचा नाही, पण त्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

सप्टेंबर लागेपर्यंत ती दहातले दहा वार अडवू लागली. ती उलट मारत मात्र नसे. जिंकायचं तिला नव्हतंच.

४

पर्युषणाचे दहा दिवस संपले की जैनांच्यात क्षमेचा दिवस असतो. वर्षभरात कळत नकळत जे काही झालं असेल त्याबद्दल ज्याची त्याची माफी मागायची आणि समोरच्यालाही मनापासून माफ करायचं. प्रियदर्शनी सकाळी आईबरोबर बस्तीच्या देवळात गेली, थोरामोठ्यांना हात जोडून "क्षमा असावी" म्हणाली, शेजारणींनी म्हटलं ते ऐकून घेतलं. सगळ्या जगाला माफ करून झालं. एक माणूस तिनं त्यातून बाजूला काढून ठेवला होता.

दहाच्या सुमाराला ती दुकानाशी आली, तर तोच माणूस दारात उभा. चपला काढून, हातात टोपी घेऊन. जूनपासून वाळला होता.

"ताई," अर्जुना म्हणाला, "आज तुमच्यात माफी मागत्यात न्हवं? अतिशय दरवर्साला मागायचा माझ्याकडं. मी हसायचो त्याला. म्हणायचो, लेका तू काय केलंयस माजं?"

ती कुलूप काढत राहिली.

"औंदा म्हणलं आपण जाऊया. ताई, त्याचं जे झालं ते माज्यामुळं झालं. त्या दिवशी मी जर—"

"पुढं बोलू नकोस," ती म्हणाली.

डोळे पुसले त्यानं, डाव्या हाताच्या पालथ्या मनगटानं. प्रियदर्शनी त्या हाताकडे बघत होती. तिला जे हवं होतं ते त्यानं आपणहून आणून दारात ठेवलं होतं. तिच्या पोटात इतकं गार वाटलं की तिची तिलाच गंमत वाटली. उरलेलं वाक्य ऐकायची तिला गरज वाटली नाही. ही तिची चूक, आणि ही चूक त्या दिवशी, त्या समाजातल्या, त्या मुलीकडूनच व्हायची. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, कशाची माफी? क्षमेच्या दिवशी ते विचारायचं नसतं.

"माफ केलं," ती रीतीप्रमाणे म्हणाली. "आत ये. एक डाव खेळून जा, त्याच्या नावानं."

"नगो ताई." तो तीन नंबरकडे बघून घेत दारातच थबकला. "म्हाताऱ्याची येळ मला कवाच घावली न्हाई. अतिशय मागं उभा ऱ्हायचा. त्यो 'आत्ता' म्हणला की मी वडायचो. त्यो खेळताना मी म्हणायचो. दोघं असल्याबिगर आमी खेळतच न्हवतो."

"मी सांगते."

"तुमाला येतंय?"

"येतंय," ती म्हणाली. "रोज सकाळी तेच करते."

अर्जुनानं तिच्याकडे पाहिलं. कानामागची बट वाऱ्यानं हलली असावी, कारण त्याची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. मग मान खाली घातली आणि आत आला. माफ केलेल्या माणसाला घरातल्या बाईनं ये म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, असं त्याला वाटलं असणार.

५

तिनं शटर मागे अर्धं ओढून घेतलं. पाटी काढली.

पहिल्या सातांना त्यानं सहज झोपवलं. दांडी डाव्या हातात होती, आणि तो हात मूळचाच ताकदीचा. समोर काचेत त्याचा चेहरा हिरवट दिसत होता. मग म्हातारा आला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

संगीत थांबलं. पंखा थांबला, म्हणजे त्याचा आवाज. पांढरं कापड वर आलं, खाली बसू लागलं.

"आत्ता," प्रियदर्शनी म्हणाली.

त्यानं ओढलं. वार अडला. पंखा खडखडायला लागला.

"बराबर त्याच्यावाणी सांगताय तुमी," अर्जुना पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

दुसऱ्या वेळीही तिनं वेळेवर सांगितलं. विश्वास बसायला दोन पुरतात, असा तिचा हिशेब होता. तिसऱ्या वेळी ती फक्त अर्धा श्वास उशीर करणार होती. कुणाच्या अंगाला हात लावायचा नव्हता, कुणाला शिवी द्यायची नव्हती. एक शब्द उशिरा बोलायचा. एवढ्याशा गोष्टीला कुठल्याही धर्मात नाव नसेल, असं तिनं अगोदरच मनाशी मांडून ठेवलं होतं.

शांतता आली. कापड वर आलं. आणि त्या शांततेत, जिथे माणसाचा आवाज तेवढा राहतो, तिला अर्जुना पुटपुटताना ऐकू आला. आधी दोन वेळा तो ओठांतल्या ओठांत म्हणत असावा. या वेळी स्पष्ट ऐकू आलं.

"डावा," तो स्वतःला बजावत होता. "डावा घे. डावा. डावा."

आणि मूठ दांडीवर हलत होती. लहान लहान हिसके, डावीकडे, तयारीत राहण्यासाठी. म्हातारा नेहमी उजव्या बाजूला, म्हणून दांडी मागे ओढायची म्हणजे डावीकडे ओढायची. दोघा दोस्तांचा त्या अडवण्यासाठीचा शब्द होता तो. मिरजेच्या खाटेवर तीच मूठ तिनं तीन दिवस पाहिली होती. तिथे कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं. तिथे तिचा भाऊ अजून खेळत होता, एकटा, आणि मागे 'आत्ता' म्हणायला कुणी नव्हतं.

"आत्ता," ती म्हणाली.

ते उशिरा होतं. ठरवलं होतं म्हणून उशिरा झालं, की जे कळलं त्यानं जीभ अडखळली म्हणून, हे तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. पडदा पांढरा झाला. अर्जुनाच्या पडण्याचा आवाजही झाला नाही. मग पंखा, रेडिओ, रिक्षा सगळे एकदम अंगावर आले आणि तो फरशीवर पडलेला होता. उजव्या कानामागे हळूहळू निळं चढत होतं.

तिनं वर पाहिलं. इतके दिवस ती म्हाताऱ्याशी खेळत होती, पण त्याची पाठ तिनं कधी पाहिली नव्हती. तो आता वळला होता. कायम पाठीमागे असलेले त्याचे हात दिसत होते, आणि ते रिकामे नव्हते. एकेका हातात एकेक हात धरलेला होता, मनगटापर्यंत. त्यातली एक मूठ निपचित होती. दुसरी अजून डावीकडे ओढ घेत होती.

पुढच्या क्षणी पडद्यावर नाणं टाकायची सूचना लुकलुकायला लागली.

६

अर्जुना मिरजेच्या त्याच हॉस्पिटलात चार दिवस होता. जतकडच्या खेड्यातून त्याची आई आली, रंगूबाई. उन्हानं रापलेली, मेंढरांमागे जन्म काढलेली बाई. ती खाटेशी खाली जमिनीवर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं प्रियदर्शनीला विचारलं, "पोरी, ह्यो सारखा डावा डावा म्हणतोय. तुला काय कळतंय का?"

"नाही मावशी," प्रियदर्शनी म्हणाली.

या गोष्टीत तिनं जे काही केलं, त्यात मला ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. उशीर एक वेळ झाला असेल. हे तिनं वेळेवर केलं.

दिवसपाणी उरकल्यावर रंगूबाई पार्लरच्या दारात उभी राहिली. सकाळचे अकरा वाजले होते. तीन नंबरची वायर प्रियदर्शनीनं कधीच काढून टाकली होती. रंगूबाईनं भिंतीकडचं स्टूल ओढलं, त्या मशीनपुढे जरा बाजूला ठेवलं आणि बसली.

"ही पेटी चालू कर."

"मावशी, ते बिघडलंय."

"चालू कर."

तिनं वायर लावली. कुणी खेळत नसलं की मशीन आपलं आपणच थोडा थोडा खेळ दाखवत राहतं, तसं ते दाखवू लागलं. म्हातारा येई, मारी, जाई. रंगूबाई चार वाजेपर्यंत बघत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पाहुण्यांकडे उतरली होती. तीन आठवडे रोज येत राहिली. पाणी दिलं तर घ्यायची, चहाला नको म्हणायची. पोरं आधी कुजबुजली, मग बिचकली, मग यायची बंद झाली. अण्णांनी दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि आत न येता परत गेले.

"अर्जुना सांगायचा मला," एका दुपारी ती आपणहून बोलली. "ती पेटी वंगाळ हाय, आई. दोस्ताला म्हणलं फोडून टाकतो, तर त्यानं मलाच भायेर काढलं. मला एकट्याला बघून घेतली पायजे ती पेटी, म्हणायचा."

प्रियदर्शनी काउंटरमागे उभी होती. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आन तुजा भाऊ गेला तवा जेवला न्हाई आठ दीस. मी मागं असतो तर त्यो वाचला असता, म्हणायचा. ह्येच एक."

ते क्षमेच्या दिवशी राहिलेलं अर्जुनाचं वाक्य होतं. महिनाभर उशिरा आलं, पण पुरं आलं.

त्यानंतर तिला रंगूबाईच्या हाताकडे बघायची सवय लागली. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून बसे आणि पडद्यावर म्हाताऱ्याचा वार यायच्या वेळी तिचं एक बोट गुडघ्यावरून अगदी थोडं उचललं जाई. आधी ते मागे-पुढे व्हायचं. आठवड्याभरात बरोबर व्हायला लागलं. मग प्रियदर्शनीनं कापडाकडे पाहिलं. कापड हलत नव्हतं. म्हाताऱ्यानं आपली खूण बदलली होती. छाती स्थिर, डोळे स्थिर, काहीच कळत नव्हतं, आणि तरी रंगूबाईचं बोट दर वेळी नेमकं उठत होतं.

"तुम्हाला कसं कळतं?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"लांडगा कवा उडी घेणार ते मेंढरामागच्या बाईला कळाय लागतंय," रंगूबाई म्हणाली. "न्हाई कळलं तर एक मेंढरू जातंय. मग फुडच्या येळंला कळतंय."

७

त्या दिवशी रंगूबाई आली ती स्टुलावर बसली नाही. भर दुपार होती, शटर पूर्ण उघडं होतं, समोर लीलाबाई पानं पुसत होत्या.

"डाक्टर म्हणला, पडला," ती म्हणाली. "पावणे म्हणत्यात, फिट आली आसंल. ती समोरची बाई म्हणती, तू त्याच्या मागं हुतीस."

"होते."

"अर्जुना सांगायचा, ते 'आत्ता' म्हणायचं असतंय, ते तू म्हणालीस?"

"म्हणाले."

"कवा?"

"मला माफ करा, मावशी," प्रियदर्शनी म्हणाली, आणि या वेळी ते रीतीसाठी नव्हतं.

"ते तुमच्या देवळात," रंगूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हितं खेळ. मी मागं उभी ऱ्हाते. मी सांगते."

दार उघडं होतं. पळायचं असतं तर दहा पावलांत ती रस्त्यावर असती. कुणी धरलं नव्हतं. पण मुरलेला राग काय असतो हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. तो समोर उभा होता, नऊवारी नेसून, अनवाणी, आणि त्याचा हक्क तिला मान्य होता. शिवाय खोल कुठेतरी एक क्षुद्र आशाही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. कदाचित ही बाई वेळेवर सांगेल. आई आहे, कदाचित सांगेल.

प्रियदर्शनी स्टुलावर बसली. दांडी डाव्या हातात घेतली. पहिले सात कसे गेले ते तिला कळलं नाही. म्हातारा आला. या वेळी तो जरा कडेला सरकून उभा राहिला, शेजारी कुणासाठी जागा ठेवावी तसा.

आवाज गेले. कापड हललं नाही. तिला काहीच दिसेना.

"आत्ता," मागून रंगूबाई म्हणाली.

तिनं ओढलं. वार अडला. बोळ परत आला, लीलाबाईंचा रेडिओ बातम्या सांगत होता. तिच्या कपाळावरून घाम नाकावर उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता.

आवाज पुन्हा गेले.

"आत्ता."

अडला. अगदी बरोबर, अतिशयनं सांगितलं असतं तसं. त्यानंतर प्रियदर्शनीला रडू यायला लागलं, कारण झाले ते दोन, आणि दोन कशाला पुरतात हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा पंख्याची खडखड गेली, रेडिओ गेला, रस्ता गेला. म्हातारा उभा राहिला. तिच्या मनात आलं, आपणच अंदाजानं ओढावं. लगेच मनात आलं, आधी ओढलं तर तो मारणारच नाही, बघत उभा राहील, आणि मागची बाईही तशीच उभी राहील, उद्या येईल, परवा येईल. तिनं हात सैल सोडला. मागे, मानेच्या अगदी जवळ, रंगूबाईनं बोलायला श्वास घेतला, तो तिला स्वच्छ ऐकू आला. प्रियदर्शनी तो बाहेर पडायची वाट बघत राहिली.